टोपीतले फोटो तेवढे उरले

१

“मामा, माझी आई चोरीला गेली.”

सकाळी सकाळी भाचीचा, तापीचा फोन आला आणि पहिलंच वाक्य तिने हे टाकलं. वसंतरावांना वाटलं, पोर झोपेतून उठून बरळते आहे. तापीची आई, म्हणजे वसंतरावांची धाकटी बहीण निर्मला, जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती. गेलेलं माणूस आणखी चोरीला कसं जाणार?

“नीट सांग बेटा. झालं काय?”

“कॉम्प्युटरमधून गेली. तिचे सगळे फोटो गेले. बाबा अलकाआईवर इतके गुस्सा झाले, इतके गुस्सा झाले... तुम्ही जल्दी या ना, मामा.”

मागे कुणीतरी फोन हिसकावून घेतला आणि तो बंद झाला.

वसंतराव खंडव्याला राहत. विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करायची, हा त्यांचा धंदा. कुठे कापसाचं जिनिंग पेटलं, कुठे लूमची शेड जळाली, की आधी पोलीस येत आणि मग वसंतराव. लोक त्यांना काय जळालं ते दाखवायला धावत. वसंतराव मात्र काय उरलं ते आधी बघत. गेलेल्या मालाबद्दल माणूस हवं ते सांगू शकतो, पण उरलेल्या मालाला खोटं बोलता येत नाही, असं ते म्हणत. या रीतीने त्यांनी भलेभले पकडले होते. आज मात्र बहिणीच्या घरी पंचनाम्याला जावं लागणार होतं. गाडीत बसल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

बुऱ्हाणपुरात बुधवाऱ्याच्या वस्तीत निर्मलाच्या नवऱ्याचा, भाईदासचा, फोटो स्टुडिओ होता. खाली दुकान, वर घर. लग्न होऊन या घरात आल्यावर निर्मलाही कॅमेरा शिकली होती. डोक्यावरचा पदर पुढे ओढून बसलेल्या नवऱ्या मुली भाईदासपुढे आखडून बसत, पण निर्मला आली की मान वर करत. आल्यागेल्यांचे, लग्नांचे, घरचे असे वर्षानुवर्षांचे फोटो तिने वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर एका प्रोग्राममध्ये नीट लावून ठेवले होते. प्रत्येक चेहऱ्याला नाव, प्रत्येक सणाला फोल्डर. ती गेल्यावर भाईदासने त्या कॉम्प्युटरवर चादर टाकली ती टाकलीच. त्याला कुणी हात लावायचा नाही, असा घराचा नियमच झाला.

यंदाच्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, भाईदासने दुसरं लग्न केलं. नवी बायको अलका खकनारची, तिकडच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तो जुना प्रोग्राम कंपनीने आता बंद केला होता, मशीनही धापा टाकत होतं. ते मरायच्या आत सगळे फोटो नव्या मशीनवर, नव्या प्रोग्राममध्ये घ्यायला हवेत, असं तिनेच लावून धरलं. तापीला आई बघायला मिळाली पाहिजे, असं तिचं म्हणणं. अखेर भाईदास तयार झाला. रविवारी कॉम्प्युटरवाला प्रकाश आला, दिवसभर बसून सगळं नव्या मशीनवर उतरवून गेला. सोमवारी सगळे आई बघायला बसले.

“बघा दादा. तुम्हीच बघा,” भाईदासने वसंतरावांना नव्या पडद्यासमोर बसवलं.

लग्नं होती, बारशी होती, राजघाटावरची गर्दी होती, तापीचे पहिले पाऊल टाकतानाचे फोटो होते. सगळं होतं. फक्त निर्मला नव्हती. तिघांचा एकही फोटो नव्हता, होते ते बापलेकीचेच. वसंतराव पुढे पुढे सरकवत गेले आणि अगदी शेवटी एकदम ती समोर आली. खोल गेलेले डोळे, सुजलेले गाल, केस गेलेलं डोकं निळ्या लोकरीच्या टोपीत. इंदूरहून उपचार सोडून घरी आणल्यानंतरचे ते फोटो. ते मात्र एकूण एक जागेवर होते.

“चांगले सगळे उचलले आणि हे ठेवले,” भाईदासचा आवाज चिरकला. “का, तर पोरीने आईला अशीच लक्षात ठेवावी. पुन्हा बघू नये. हे कुणाचं काम असेल, ते सांगायला सर्व्हेअर कशाला पाहिजे? ती बघा, बॅग भरून बसली आहे. संध्याकाळच्या बसने चालली खकनारला. जाऊ द्या.”

२

अलका आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती. तिशी उलटलेली, सावळी, शांत बाई. वसंतराव दिसताच उठून उभी राहिली आणि पदर सारखा केला.

वसंतरावांनी तिला लग्नातच काय ती पाहिली होती. त्या दिवशीही तिच्याकडे नीट बघवलं नव्हतं. निमूच्या जागी उभी असलेली बाई, एवढंच दिसलं होतं.

“बसा,” ते म्हणाले. “मी भांडायला आलो नाही. विचारायला आलो.”

“तुम्ही ताईंचे भाऊ. तुम्ही भांडलात तरी चालेल,” अलका म्हणाली. “पण मी नाही केलं, भाऊ.”

“त्या दिवशी प्रकाशच्या जोडीला कोण होतं?”

“मीच. दुसरं कोणी नाही. हे तर खाली दुकानात होते.”

“प्रोग्राममधलं तुम्हाला कळतं?”

“कळतं. मुलांना शिकवायची ना मी.” ती क्षणभर थांबली. “मला माहीत आहे, सगळं माझ्यावरच येतं. पण एक सांगू? मला ताईंचा दुस्वास असता, तर मी ते टोपीतले तरी का ठेवले असते? ते बघून तर माणूस जास्त हळहळतं. मी आल्या दिवसापासून बघते आहे, लोकांना त्यांचं हसणं आठवत नाही, दुखणं आठवतं. मला लपवायचंच असतं तर मी आधी ते दुखणं लपवलं असतं.”

 तिचं बोलणं वसंतरावांच्या डोक्यात बसलं. हे नवऱ्याने केलं असतं, तर त्याने आजारातले फोटो पुसून चांगले ठेवले असते. सवतीने केलं असतं, तर तिने सगळेच काढले असते. चांगले नेऊन वाईट तेवढे ठेवायचे, यात कुणाचा फायदा?

“मग शोधलं का नाही तुम्ही?”

“मशीनला हात लावू देत नाहीत मला.” तिचे डोळे भरले, पण तिने ते गळू दिले नाहीत. “तापी परवापासून माझ्याशी बोलत नाही. ती रोज माझ्याकडून वेणी घालून घ्यायची. आज स्वतःच घालून शाळेत गेली. वाकडी.”

वसंतराव पुन्हा पडद्याशी येऊन बसले. उरलेलं बघायचं, हा त्यांचा नेम. त्यांनी पहिल्यापासून एकेक फोटो डोळ्यांखालून घातला आणि राजघाटाच्या एका फोटोपाशी ते थबकले. घाटाच्या पायरीवर एक बाई पाठमोरी बसलेली. कमरेपर्यंत वेणी, डावा खांदा किंचित उतरलेला. ही निमू. लहानपणी विहिरीवरून घागरी आणून आणून तिचा तो खांदा उतरला होता. माहेरच्या कुणीही हजार बायकांत ही पाठ ओळखली असती. दिवाळीतही एक होता, रांगोळीवर वाकलेली, तोंड दिसत नव्हतं. मुंजीतही एक.

म्हणजे ज्याने फोटो नेले त्याने फक्त चेहरा पाहून नेले. पाठीवरून त्याला निमू ओळखता आली नाही.

आणि या घरात निमूला कधीच न पाहिलेलं माणूस एकच होतं. ते आत बॅग भरून बसलं होतं.

३

“देखो दादा, मी सीधी बात सांगतो,” प्रकाश म्हणाला. शनवाऱ्यात त्याचं दुकान होतं. उघडी पडलेली मशीनं, वायरींचे गुंतवळे, आणि मध्ये चष्मा कपाळावर चढवून बसलेला प्रकाश. “एक फोटो इकडचा तिकडे नाही केला मी. जुन्या प्रोग्राममध्ये जितके दिसले, तितके नव्यात आले. गिनती बराबर जुळली. भाभीसमोर जुळवली.”

“जुनं मशीन कुठे आहे?”

“हे काय, इथंच.” त्याने पायाजवळचा धुळकट डबा दाखवला. “याची डिस्क साफ करून दुसऱ्याला लावायची होती. पण भाभीचा फोन आला, काही दिवस पुसू नका म्हणून.”

“कोणती भाभी?”

“अलका भाभी. दुसरी कोण आहे आता?”

वसंतराव स्टुलावर टेकले. आग लावणारा कधी राख जपून ठेवायला सांगत नाही. उलट ती लवकर उचलून न्या म्हणून मागे लागतो. आपल्याच मालाला काडी लावणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, आणि त्यातला एकही जण, पुरावा सांभाळा म्हणून सांगायला आला नव्हता.

“चालू कर हे.”

मशीन घरघर करत उठलं. जुना प्रोग्राम उघडला. निर्मलाने बसवलेली तीच मांडणी, तेच फोल्डर. पण त्यातही निमू नव्हती. राजघाटाची पाठ होती, टोपीतले फोटो होते. बस.

“म्हणजे इथूनच गेलेली होती,” वसंतराव हळूच म्हणाले. “तुम्ही हात लावायच्या आधीपासून.”

“मी तेच म्हणतोय ना! जितके दिसले तितके...”

“दिसले,” वसंतरावांनी त्याला अडवलं. “प्रकाश, तू मघापासून दिसले दिसले म्हणतो आहेस. ह्यात न दिसणारे पण असतात का?”

प्रकाशचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. तो दोन पळं पडद्याकडे बघत राहिला. “अरे बाप रे,” तो म्हणाला. “असतात की. फोटो न पुसता लपवता येतो यात. डिस्कवर राहतो, फक्त दिसत नाही. आणि नव्या प्रोग्रामने लपवलेला मालच उचलला नाही. दादा, ये तो माझ्या दिमागातच नाही आलं.”

त्याने वरच्या यादीत जाऊन एका ओळीवर टिचकी मारली. लपवलेले दाखवा.

आधी काहीच झालं नाही. मग पडदा भरू लागला. ओळीवर ओळ, ओळीवर ओळ, सगळीकडे निमू. हळदीत माखलेली, केळीच्या घडाशेजारी उभी राहून कमरेवर हात ठेवलेली, तापीला न्हाऊ घालताना स्वतःच भिजलेली, कॅमेरा गळ्यात घालून कुणाला तरी ओरडणारी. इतकी हसणारी. वसंतरावांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंडाला लावून बसले. प्रकाश उठून उगाच बाहेर जाऊन आला.

“हे कसं केलं असेल?” बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

“सोपं आहे. हे बघा, प्रत्येक चेहऱ्याचा एक गठ्ठा असतो. निर्मला नावाचा गठ्ठा धरायचा, सगळे निवडायचे आणि लपवायचे. दोन टिचक्यांचं काम. पाठमोरे असतील ते सुटतात, मशीनला चेहरा लागतो.”

“मग टोपीतले कसे सुटले? त्यात तर चेहरा आहे.”

प्रकाशने गठ्ठ्यांच्या यादीत खाली खाली नेलं. सगळ्यात शेवटी एक गठ्ठा होता, त्याला नाव नव्हतं. त्यात निळी टोपी, सुजलेले गाल, खोल गेलेले डोळे. चेहऱ्याखाली प्रोग्रामने आपल्या भाषेत एक रिकामी चौकट ठेवली होती आणि त्यात प्रश्न विचारला होता.

ही कोण? नाव लिहा.

“मशीनने ओळखलंच नाही भाभीला,” प्रकाश पुटपुटला.

वसंतराव त्या चौकटीकडे बघत राहिले. “हे कधी लपवले, ते कळेल?”

“नाही दादा. ते यात लिहून राहत नाही.”

४

तारीख मशीन सांगत नसेल, तर ती घराला विचारायला हवी होती. वसंतराव बुधवाऱ्यात परत आले तेव्हा भाईदास दुकानात एका म्हाताऱ्याचा फोटो काढत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत वसंतराव काउंटरपाशी उभे राहिले. समोरच्या भिंतीवर निर्मलाचा हार घातलेला फोटो होता. ते त्याच्याकडे बघत होते. बघता बघता ते काउंटरला वळसा घालून अगदी भिंतीजवळ गेले.

फोटो जसोंडीचा, माहेरच्या गावचा होता. निमूला दाखवायची होती तेव्हा काढलेला, अठरा-एकोणीस वर्षांची कोवळी पोर, वरच्या कोपऱ्यात टाचणीच्या गंजाचा डाग. मोठा करताना तो डागही मोठा झाला होता. निमू गेल्यावर हा फोटो माईच्या, म्हणजे आईच्या, पेटीतून काढून वसंतरावांनीच आणून दिला होता.

“भाईदास,” म्हातारा गेल्यावर ते म्हणाले, “एक विचारतो. रागावू नका. फोटोचा धंदा तुमचा. बायकोचे हजारो फोटो तुमच्या घरात. मग भिंतीवर लावायला फोटो तुम्ही माझ्याकडून का मागवला?”

भाईदास गोंधळला. “तेव्हा... माझं डोकं कुठे ठिकाणावर होतं, दादा?”

“आठवा. तुम्ही फोन केला होता. निमूचा एखादा चांगला फोटो असेल तर घेऊन या, म्हणालात.”

भाईदास काउंटरच्या मागच्या खुर्चीवर बसला. त्याने कपाळ दाबून धरलं. “वर गेलो होतो मी,” तो हळूहळू बोलू लागला, जणू त्याचं त्यालाच पहिल्यांदा ऐकू येत होतं. “तिला घाटावर पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. कॅमेऱ्यातले तिचे शेवटचे फोटो उतरवायला कॉम्प्युटर उघडला. नुसते टोपीतलेच दिसत होते. मी वर खाली केलं, डोळे पुसले, पुन्हा केलं. मला वाटलं, माझे डोळे फिरले. मला वाटलं, मलाच तिचा तो चेहरा सोडून दुसरं काही दिसत नाही आता. मग बंद केलं. चादर टाकली. त्यानंतर मी त्याच्याकडे बघितलं नाही, दादा. भीती वाटायची.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“मी विसरलोच होतो. खरंच विसरलो होतो. ते स्वप्नासारखं होतं.”

वसंतराव त्याच्या शेजारी बसले. “म्हणजे निमू जाऊन तीन दिवस झाले नव्हते, तेव्हाच फोटो दिसेनासे झालेले होते. अलका या घरात कधी आली?”

भाईदास बोटांवर महिने मोजू लागला.

“दीड वर्षाने,” त्यांनीच उत्तर दिलं. “तेव्हा तिला बुधवाऱ्याचा रस्ताही माहीत नव्हता. आणि तुम्ही लपवले असते, तर फोटोसाठी मला फोन केला नसता. त्या दिवसांत घरात आणखी कोण होतं? मावशी. तुमच्या आईंना तर मोबाइलही लावून द्यावा लागतो. तापी सहा-सात वर्षांची. आणि प्रत्येक चेहऱ्याला नाव देऊन तो गठ्ठा बांधणारी, दोन टिचक्यांत सगळे एकदम लपवता येतात हे माहीत असणारी एकच.”

“कोण?” भाईदासने विचारलं. पण त्याच्या आवाजावरून त्याला कळलेलं होतं.

“निमूनेच लपवले.”

“कशाला? स्वतःचे फोटो? कशाला लपवील ती?”

 वसंतरावांना एक गोष्ट खटकली. दोन दिवस घर डोक्यावर घेतलं गेलं होतं, सगळ्यांनी अलकाकडे बोट दाखवलं होतं, आणि ते आल्यापासून घरातलं एक माणूस त्यांच्याशी अवाक्षर बोललं नव्हतं.

५

सोजरबाई, भाईदासची आई, मागच्या गच्चीत उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. वसंतराव खाली बसले आणि त्यांनीही मूठभर शेंगा हातात घेतल्या.

“मावशी, फोटो सापडले.”

म्हातारीचे हात थांबले. “सापडले? सगळे?”

“सगळे. कुणी लपवले तेही कळलं. का लपवले, ते तुम्ही सांगायचं.”

 सोजरबाई खाली वाकून दाणे वेचता वेचताच बोलू लागली.

“भाऊ, इंदूरहून तिले घरी आनलं ना, तवा पोरगी तिच्याजोळ जायेच ना. दाराआडून पाहे अन् पयून जाये. तिचे केस गेलेले, तोंड सुजलेलं. निर्मला हाका मारे, ये बेटा, ये माह्याजोळ. पोरगी वर त्या मशीनपुढं जाऊन बसे. दिवस दिवस आईचे फोटू पाहे. एक दिवस मी धरून आनली तिले, हात पकडून. तं काय म्हनली ठाऊक हाये? हे माही आई नाही. माही आई वर हाये, कॉम्प्युटरमंधी. हे कोन हाये?”

वसंतरावांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“निर्मलानं ऐकलं ते. रडली नाही. दुसऱ्या दिवशी म्हनली, आत्याबाई, मले वर घेऊन चला. मी अन् ते, एकेक पायरी चढलो. बसली मशीनपुढं. बोटं चालत नव्हती तिची, तरी काहीतरी केलं तिनं. मंग म्हनली, झालं. त्या फोटूंवर पांघरून टाकलं, आत्याबाई. तिथं आई दिसली नाही म्हंजे इथं येईल. मी गेल्यावर त्यायले सांगजा, पांघरून काढून घ्या म्हनून.”

“आणि तापी आली?”

“आली. दोन दिवस रडली, वर खाली शोधलं. तिसऱ्या दिवशी आपल्या आपन आली अन् तिच्या पायाशी बसली. मंग उशाशी. मंग कुशीत. शेवटी शेवटी त् सोडेच ना तिले. ते टोपीतले फोटू हायेत ना, ते त्याच दिवसायचे. भाईदासनं काढले. दोघी एकाच गोधडीत.”

“तुम्ही सांगितलं का नाही भाईदासला?”

“मले काय समजे, भाऊ? मशीनवर पांघरून! भाईदासनं खरोखरची चादर टाकली त्याच्यावर, मले वाटलं हेच ते. ती तर तापात होती.” म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. “परवा भाईदास ओरडला, तवा लक्षात आलं माह्या. पन सांगू कसं? सांगतलं तं पोरीले कळन. आपन आईले आई म्हनलो नाही, हे तिच्या जिवाले लागन. जन्मभर लागन.”

“आणि अलका?”

सोजरबाईने मान खाली घातली. “ते मोठी हाये, म्हनलं. सोसन.”

पाठीमागे कसला तरी आवाज झाला. दारात अलका उभी होती, हातात बॅग. निरोप घ्यायला आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

६

वसंतराव उठले.  अलकाने बॅग खाली ठेवली.

“तापीला सांगू नका,” ती म्हणाली. “आत्याबाईंचं बरोबर आहे. माझंच नाव राहू द्या. लहान आहे, विसरून जाईल कधीतरी.”

“ते होणार नाही,” वसंतराव म्हणाले. आवाज चढला म्हणून त्यांनीच तो खाली आणला. “निमूने केलं ते पोरीसाठी केलं. त्याची शिक्षा तुम्ही भोगायची नाही. निमूला ते चालणार नाही. मी तिला ओळखतो.”

भाईदास जिन्यात उभा होता. तो वर कधी आला, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो अलकापुढे आला. त्याने तिची बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली. मग परत येऊन म्हणाला, “मी फार बोललो तुला.”

“हो,” अलका म्हणाली. “फार बोललात.” ती रडायला लागली. दोन दिवस थोपवलेलं ते रडणं होतं, लवकर थांबणारं नव्हतं. सोजरबाईने तिला हाताला धरून आपल्याजवळ बसवलं आणि शेंगांचं सूप बाजूला सारलं.

तापी शाळेतून आली तोवर प्रकाश जुनं मशीन घेऊन आला होता. लपवलेले सगळे फोटो त्याने नव्या मशीनवर घेतले. जाताना तो अलकापाशी थांबला. “भाभी, पुसू नका म्हणालात, मोठं काम केलंत,” म्हणाला आणि निघून गेला.

“सापडली?” तापीने दप्तरही न काढता विचारलं.

“सापडली,” वसंतरावांनी तिला मांडीवर घेतलं. नऊ वर्षांची पोर आता मांडीवर मावत नव्हती. “तुझ्या आईनेच ते फोटो नीट झाकून ठेवले होते. नव्या प्रोग्रामला झाकलेले फोटो दिसले नाहीत, म्हणून आले नाहीत. कुणी चोरले नाहीत. अलकाआईने तर जुनं मशीन पुसू दिलं नाही म्हणून मिळाले.”

तापीने अलकाकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. मग विचारलं, “झाकून का ठेवले?”



“तुझ्यासाठी,” वसंतराव म्हणाले. “तू मोठी झालीस म्हणजे बघायला.”

हे खोटं होतं का खरं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

पडद्यावर फोटो सरकू लागले. हळदीतली निमू, केळीच्या घडाजवळची निमू, भिजलेली निमू. वसंतराव पडद्याकडे न बघता पोरीच्या तोंडाकडे बघत होते. ती उडी मारील, ओरडेल, असं त्यांना वाटलं होतं. ती तर परक्या घरी आल्यासारखी आखडून बसली होती. एखाद्या देखण्या पाहुणीकडे मुलं बघतात, तशी बघत होती. बऱ्याच फोटोंनंतर तिने बापाची बाही ओढली.

“बाबा, आई हसायची?”

 या आठवड्यापर्यंत दोन वर्षं भाईदास या खोलीत आला नव्हता. निर्मलाचं नावही त्याने घरात निघू दिलं नव्हतं. पोरीला काही विचारायची चोरी आणि त्याला काही सांगायची चोरी. म्हणून लहानपणी बघितलेले ते फोटोही पोर विसरली होती आणि तिच्याजवळ आई उरली होती ती फक्त गोधडीतली.

“हसायची,” तो कसाबसा म्हणाला. “फार हसायची. हा... हा फोटो ना, खकनार रोडच्या लग्नातला. नवरदेवाची घोडी बिथरली आणि थेट मंडपात शिरली. सगळे पळाले. तुझी आई मात्र फोटो काढत उभी. मी ओरडतोय, अगं बाजूला हो, बाजूला हो, आणि ती...”

 त्याने तोंड फिरवलं.

“मग?” तापी म्हणाली. “मग काय झालं?”

अलका पाणी आणायला उठत होती. भाईदासने हाताने तिला थांबवलं, तशी ती होती तिथेच भिंतीला टेकून बसली. सोजरबाई उंबऱ्यात येऊन बसली. वसंतरावांची गाडीची वेळ होत आली होती, पण त्यांनी पायात चपला घातल्या नाहीत.

खाली दुकानात कुणीतरी गिऱ्हाईक आलं होतं. काउंटरवर नाणं वाजवत ते हाका मारत होतं, भाईदासभाई, ओ भाईदासभाई, पासपोर्टचा फोटो पाहिजे. वर कुणी हललं नाही. भाईदासने डोळे पुसले, खुर्ची पोरीजवळ ओढली आणि घोडीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.